भैरूची न्याहारी आणि मळाईचं पारडं

पंचगंगेच्या काठाला हरणेवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात भैरू नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती भोळा? वाण्यानं एकदा त्याला म्हटलं, "जरा थांब." भैरू थांबला. वाणी घरात गेला, जेवला, झोपला, उठून चहा प्यायला आणि बाहेर आला, तर भैरू दुकानापुढं तसाच उभा. "का रे?" "तुम्ही म्हणालात की, जरा थांब."

अशा भैरूचं माघात लग्न झालं. बायकोचं नाव वैजयंता, घरात सगळे वैजू म्हणायचे. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. चैत्रात परीक्षा. पहिला पेपर बुधवारी.

आणि आदल्या दिवशी, मंगळवारी, गावदेवी मळाईची जत्रा.

जत्रेला एक महिना उरला तेव्हा वैजूच्या सासूनं, पारूआत्तीनं, शांतपणे एक गोष्ट सांगितली. भैरू सहा वर्षांचा असताना तापानं फणफणला होता. तेव्हा तिनं मळाईला नवस बोलला होता: पोर वाचू दे, लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत त्याच्या भारोभार गूळ वाहीन. तोही घरच्या उसाचा, विकतचा नाही.

"आणि नवस फिटेपर्यंत नव्या सुनेनं गावची शीव ओलांडायची नाही," आत्ती म्हणाली. "रीत आहे."

"नवस तुम्ही बोललात, वजन यांचं, आणि शीव माझी का?" वैजूनं विचारलं.

आत्ती उठली आणि मळाईच्या गुरवाला घेऊन आली. नाना गुरव म्हणजे रीतींचं कोठार.

"पोरी, तराजूच्या एका पारड्यात नवसाचा माणूस बसतो, दुसऱ्यात गूळ चढतो," नाना म्हणाला. "गुळाचं पारडं भुईला टेकलं की नवस फिटला. नाही टेकलं तर पुढच्या वर्षीच्या जत्रेत. आणि एक ध्यानात ठेव, गुळाच्या पारड्यात पडलं ते मळाईचं. परत उचलायचं नाही. खडासुद्धा."

"ही रीत कुणी घातली?"

"जुन्या माणसांनी."

"ती कुठं आहेत?"

"गेली."

"मग आता त्यांना विचारता येत नाही," वैजू म्हणाली.

"तेच तर," नाना खूश होऊन म्हणाला.

माळ्यावर पोत्यांत गुंडाळलेल्या गुळाच्या नऊ ढेपा होत्या. दहा दहा किलोची एकेक. म्हणजे नव्वद. वैजूनं भैरूला पिठाच्या गिरणीत नेऊन वजनकाट्यावर उभा केला. शहाण्णव.

"आत्ती, नवस बोलायचाच होता तर कापसाचा तरी बोलायचा होता," ती म्हणाली.

"कापूस पण भारोभारच लागला असता की," भैरू म्हणाला.

वैजूनं त्याच्याकडं बघितलं. नवरा दिसायला देखणा होता, मनानं लोण्यासारखा होता आणि एका महिन्यात त्याचं सहा किलो वजन उतरवायचं होतं. नाहीतर तिचं एक वर्ष गेलं. गुळापायी.

भैरूचा घोळ सकाळीच सुरू व्हायचा. तो घाईनं चहाबरोबर दोन बटर खायचा, तासाभरात त्याला भूक लागायची आणि मग तो दुपारपर्यंत दिसेल ते तोंडात टाकत हिंडायचा. हे वैजूनं हेरलं.

"हे बघा," ती म्हणाली, "न्याहारी अशी करायची, की दुपारपर्यंत भूक लागता कामा नये."

"एवढंच ना?" भैरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वैजू नदीवर धुणं घेऊन गेली. बारा वाजता आली, तर भैरू चुलीपुढं बसलेला. टोपलीतल्या अकरा भाकरी संपल्या होत्या आणि आत्ती बारावी थापत होती.

"हे काय?"

"न्याहारी. सात वाजल्यापासून करतोय," भैरू म्हणाला. "दुपारपर्यंत भूक लागली नाही बघ. लागायला सवडच दिली नाही."

वैजूनं कपाळाला हात लावला. "अहो, मोजून खायचं असतं. दोन. दोनच्या वर जायचं नाही."

"असं आधी सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला मोड आलेल्या मटकीची उसळ वाढली, वाडगाभर. भैरूनं मटकीचा एक दाणा उचलला, चावून खाल्ला. दुसरा उचलला, चावून खाल्ला. मग हात धुतला.

दहा वाजता तो गोठ्याच्या खांबाला धरून उभा होता आणि म्हशीच्या वैरणीकडं मायेनं बघत होता. आत्तीला ते बघवेना.

"अरे, गूळ खा की. साखर वाईट, गूळ नाही. मी जन्मभर गूळच खाल्ला, काय झालं मला?"

"किती खाऊ?"

"बायको किती म्हणते?"

"दोनच."

"मग दोनच खा."

वैजूनं आतून हे ऐकलं. दोन खड्यांनी काय होतंय, असं म्हणून तिनं सोडून दिलं. आयुष्यात एकदाच तिनं सासूशी वाद घातला नाही. तो हा दिवस.

"मटकी वाडगाभर खायची असते," तिनं संध्याकाळी भैरूला समजावलं. "रात्रभर पाण्यात भिजवायची, फडक्यात बांधून टांगायची, चांगले मोड येऊ द्यायचे. मग तिचा पोटाला आधार होतो. मोड आल्याबिगर खायची नाही."

"असं आधी सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी भैरू शेतावर निघाला तेव्हा तिनं एक भाकरी बांधून दिली. संध्याकाळी विचारलं, खाल्ली का? "नाही अजून," म्हणाला. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी वैजू स्वतः शेतावर गेली. विहिरीवरच्या आंब्याला एक ओलं गाठोडं टांगलं होतं. भैरूनं ते काढून तिच्यापुढं उलगडलं. आत भाकरीचा लगदा होता आणि त्यावर हिरवी, मऊ लव आली होती.

"आले मोड," भैरू म्हणाला. "आता खाऊ?"

"टाका ते आधी. अहो, बुरशी आहे ती. खायचं ते ताजं खायचं, चुलीवरून उतरलेलं, वाफा निघतायत असं."

"असं आधी सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी तिनं गाडगंभर ताक दिलं. भैरूनं ते चुलीवर ठेवलं आणि वाफा निघेपर्यंत ढवळत बसला. ताक फाटलं. वर हिरवट पाणी आणि तळाला चोथा.

"ताक थंड प्यायचं," वैजू दातओठ खात म्हणाली. "गाडगं ओल्या वाळूत पुरून ठेवायचं, गारेगार झालं की प्यायचं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सांजा होता. गरम, वरून कोथिंबीर पेरलेला. भैरूनं तो अंगणातल्या ओल्या वाळूत पुरला. सांजा गाडग्यात नव्हता, म्हणून तसाच. पहिला घास घेतला तेव्हा त्याच्या दाढेचा आवाज माजघरात ऐकू आला.

वैजूनं त्याला अंगणात बसवलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन दाखवली. "ही वाळू. ही अंगणात. हे ताक. हे गाडग्यात. हा सांजा. हा ताटात. ज्याची जागा जिथं, ते तिथं. कळलं? जिथलं तिथं."

"जिथलं तिथं," भैरू म्हणाला. त्याला हे फार पटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं उकडलेलं अंडं दिलं. ते त्यानं नेऊन कोंबडीखाली ठेवलं.

असे दोन आठवडे गेले. वैजू त्याला गिरणीत घेऊन गेली. काटा शहाण्णववरच. तिला काही कळेना. दोन दाणे मटकी, टांगलेली भाकरी, फाटलेलं ताक, वाळूतला सांजा. यांवर माणूस वाळायला हवा होता. आत्ती म्हणाली, "आमच्या घराण्याची हाडंच जड."

"हाडांना न्याहारी कोण घालतंय, ते बघते," वैजू म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं काही समजावणंच सोडलं. रोज सकाळी ती ताट वाढायची आणि पुस्तक हातात धरून समोर उभी राहायची. एक भाकरी, वाडगाभर मटकी, तांब्याभर ताक. "मी उभी आहे तोवर खायचं. मी पान उलटलं की पुढचा घास." भैरू तिच्या पुस्तकाकडं बघत हळूहळू चावून खायचा. पोट भरायचं. दुपारपर्यंत तो भुकेचं नावही काढायचा नाही.

आणि काटा हलला. चौऱ्याण्णव. मग ब्याण्णव. जत्रेच्या आदल्या दिवशी नव्वदच्याही जरा खाली.

वैजूला इतका आनंद झाला, की तिनं आत्तीलाही मिठी मारली. रात्री हॉल तिकीट पर्समध्ये ठेवलं, दोन पेनं ठेवली आणि शांत झोपली. कोंबडी अजून त्या अंड्यावर बसलेली होती.

मंगळवारी सकाळी देवळापुढच्या चिंचेला मोठा तराजू टांगला होता. सगळं गाव जमलं. हलगी वाजली. भैरू नवं धोतर नेसून एका पारड्यात मांडी घालून बसला. ते पारडं भुईला टेकलं, दुसरं वर गेलं. आत्तीनं पहाटेच भावकीतल्या माणसांकडून ढेपा बैलगाडीत चढवून आणल्या होत्या. नाना गुरव एकेक ढेप पोत्यातून काढून वरच्या पारड्यात ठेवायला लागला.

"एक. दोन. तीन." गुळाचा वास सुटला. "चार. पाच." पारडं जरा डुललं. "सहा. सात. पुढची आण."

गाडीवरचा माणूस म्हणाला, "पुढची नाही."

"नाही म्हणजे? नऊ होत्या," वैजू म्हणाली. तिनं गाडीत चढून बघितलं. दोन रिकामी पोती नीट घडी घालून ठेवली होती.

"दोन मी खाल्ल्या," भैरू पारड्यातून म्हणाला.

हलगी थांबली.

"मोजून खाल्ल्या," तो म्हणाला. "आई म्हणाली भूक लागली की गूळ खा, तू म्हणालीस दोनच्या वर जायचं नाही. दोन संपल्या, मी थांबलो. तिसरीला हात लावला असेल तर मळाईची शपथ."

वैजूच्या डोक्यात तो न हलणारा काटा एकदम हलला. आत्तीनं पदर तोंडाला लावला. नाना गुरवानं खांदे उडवले आणि तो वर लोंबकळणाऱ्या सात ढेपांकडं बघत म्हणाला, "पारडं टेकलं नाही. आता पुढच्या जत्रेला."

"एक वर्ष?" वैजू म्हणाली.

"रीत आहे."

वैजू गाडीतून उतरली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला आणखीनच राग येत होता. भैरूनं ते बघितलं. वैजू चिडलेली त्याला रोज दिसायची, पण तिला रडताना त्यानं कधी बघितलं नव्हतं. तो घाबरला आणि विचार करायला लागला. विचार करायची सवय नसल्यामुळं त्याला वेळ लागला.

"वैजू, त्या दोन ढेपा आता कुठं आहेत?"

"तुमच्या पोटात."

"आणि त्यांची जागा कुठं?"

"तिकडं, गुळाच्या पारड्यात. आणखी कुठं?"

"मग असं आधी सांगायचं की," भैरू म्हणाला आणि उठला.

तो पारड्यातून उतरला. त्याचं पारडं उडालं, गुळाचं डुलत खाली यायला लागलं. भैरू शांतपणे चालत पलीकडं गेला आणि सात ढेपांवर मांडी घालून बसला.

धप्प. पारडं भुईला असं टेकलं, की चिंचेवरचे कावळे उडाले.

"जिथलं तिथं," भैरू म्हणाला.

नाना गुरव पारड्याकडं धावला. "अरे उतर खुळ्या, उतर," तो म्हणाला.

"उतरायचं नाही," वैजू म्हणाली. तिचे डोळे कोरडे झाले होते. "नाना, गुळाचं पारडं टेकलं का?"

"टेकलं, पण..."

"टेकलं. नवस फिटला. आणि गुळाच्या पारड्यात पडलं ते मळाईचं, परत उचलायचं नाही, खडासुद्धा. हे कोण म्हणालं होतं?"

"अगं पण ती रीत गुळाची. माणसाची नाही."

"असं जुन्या माणसांनी सांगितलंय?"

नाना गुरवानं डोकं खाजवलं. "सांगितलेलं आठवत नाही."

"मग विचारा त्यांना."

"ती गेली."

"मग आता विचारता येत नाही," वैजू म्हणाली.

सगळं गाव हसायला लागलं. आत्तीनं देवळाकडं बघून हात जोडले. "आई मळाई, तूच वाचवलंस, आता तूच सांभाळ," ती म्हणाली आणि हलगीवाल्याला खूण केली.

वैजू पारड्याजवळ गेली. "माझे पेपर शनिवारी संपतात. तोवर मळाईपाशी राहाल?"

"राहीन की. आणि न्याहारी?"

"ती आता नाना बघतील."

बुधवारी पहाटे वैजूनं गावची शीव ओलांडली. मागं वळून बघितलं नाही. पहिल्या एसटीत बसली आणि खिडकीशी पुस्तक उघडलं.

इकडं सात वाजता नाना गुरव देवळाच्या ओवरीत आला. नवसाचा गूळ मळाईचा प्रसाद म्हणून गावात वाटून झाला होता. नवसाचा भैरू उठून, तोंड धुऊन, मांडी घालून तयार बसला होता.

"न्याहारीला काय खाशील रे?" नानानं विचारलं.

"काही पण चालेल," भैरू म्हणाला. "फक्त दुपारपर्यंत भूक लागता कामा नये."

"एवढंच ना?" नाना म्हणाला आणि आत बायकोला सांगायला गेला.

साडेबारा वाजता गुरवीण पिठाचा रिकामा डबा घेऊन बाहेर आली आणि तो तिनं नवऱ्यापुढं आपटला. नानानं हात जोडले. "बाबा भैरू, रीत गेली खड्ड्यात. मळाईनं तुला परत दिलाय. घरी जा."

भैरूनं मान हलवली. "उचलायचं नाही, नाना. जिथलं तिथं," तो म्हणाला आणि दुपारच्या जेवणासाठी सरसावून बसला.