मुशाजीची हाक

खाडीकाठच्या मांडवशेत गावी बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांची, पंधरा-वीस घरे होती आणि त्यांत इसाजीबाबांचे वास्तव्य होते. बाबांचे दर्शन म्हणजे तापल्या जिवाला सावली!

त्याच गावात मुशाजी तेली राहत असे. अक्षरशत्रू, पण मनाने निर्मळ. बैल हाकताना त्याचा आवाज पलीकडच्या तीरावर ऐकू जाई. प्रार्थनेत तो मनापासून 'आमेन' म्हणे. एकदा हज्जान शिमोनजी, म्हणजे प्रार्थना म्हणणारे विद्वान गृहस्थ, भरसभेत म्हणाले, "अरे मुशाजी, हे देवाचे घर आहे की तुझा घाणा?" सगळे हसले. त्या दिवसापासून मुशाजी नुसते ओठ हलवू लागला.

बाबांनी त्याला जवळ बोलावले. "गप्प का झालास?"

"बाबा, मला हज्जानांसारखा गोड गळा नाही."

बाबा म्हणाले, "वेड्या, हज्जान व्हायला देवाने शिमोनजींना धाडले आहे. तुला मुशाजी व्हायला धाडले. ते काम तू टाकलेस, तर दुसऱ्या कोणी करायचे?"

मुशाजी खाली मान घालून निघून गेला.

नव्याच्या सणाच्या, म्हणजे यहुदी नववर्षाच्या, आदल्या सकाळी पैलतीराहून पाहुण्यांची होडी निघाली. तीत शिमोनजींची वृद्ध आईही होती. अचानक वादळी पाऊस कोसळला, तीर दिसेनासा झाला आणि ओहोटी होडीला खडकांकडे ओढू लागली! शिमोनजींनी काठावरून शिंग फुंकले, पण भयाने श्वास पुरेना.

बाबा म्हणाले, "मुशाजी, हाक घाल!"

"बाबा, माझा आवाज..."

"देवाने दिलेला आहे तो. घाल!"

मुशाजीने डोळे मिटले आणि संकटात धावून येणाऱ्या एलियाहू पैगंबरांना साद घातली. "एलियाहू हन्नाबी! इकडे आणा हो माझी माणसे!" वारा समोरून येत होता, तरी तो ओरडतच राहिला. गळ्यातून रक्त आले, पण हाक थांबली नाही.

आणि काय आश्चर्य! पावसाचा पडदा फाटला आणि होडी सरळ काठाला लागली. तांडेल म्हणाला, "हाक अगदी कानाशी येत होती. मी त्या रोखाने सुकाणू धरले."

शिमोनजींची आई इकडेतिकडे पाहू लागली. "होडीच्या टोकाला पांढऱ्या झग्यातले कोणी अनोळखी म्हातारे उभे होते, वाट दाखवत होते. ते कुठे उतरले रे?"

तसे कोणीच होडीत बसले नव्हते! इसाजीबाबांनी एलियाहू हन्नाबींचे नाव घेत हात जोडून आभाळाकडे पाहिले.

शिमोनजी रडत बाबांच्या पायाशी आले. बाबांनी त्यांना मुशाजीकडे वळवले. चिखलात बसलेल्या त्या तेल्याचे दोन्ही हात हज्जानांनी आपल्या ओठांना लावले आणि सर्वांसमोर त्याच्यापुढे मस्तक झुकवले.