पुढचा एक्सल, मागचा एक्सल

इंगवले सुभेदार फौजेतून निवृत्त झाले, पण त्यांची हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झाली नाही. चारही चाकांनी ओढणाऱ्या त्यांच्या जुन्या जीपला नवे एक्सल, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, आणि चढणीला जोर देणारे गिअर घालायचे होते. अंगणात दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं, "पुढच्या एक्सलचे गिअर जुनेच ठेवायचे का?"

सुभेदार कडाडले, "अहो, मग पुढची चाकं एका वेगानं ओढणार, मागची दुसऱ्या! त्या ओढाताणीत गाडी मोडेल. पुढचं-मागचं एका चालीनंच चाललं पाहिजे!"

चहा घेऊन आलेल्या वत्सलाबाईंनी हळूच विचारलं, "गाडी झाली की माझ्या माहेरच्या जत्रेला जायचं ना?"

"मी जाईन. तू घरी थांब. गेल्या वर्षी मी डोंगरावर दर्शन घेऊन परत फिरलो, तरी तू निम्म्या पायऱ्यांवरच होतीस."

वत्सलाबाईंनी दुखरा गुडघा चोळला. बाजारात असो की लग्नकार्यात, आजवर त्यांनी चालताना नवऱ्याची पाठच पाहिली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "पुढचं-मागचं एका चालीनं चाललं नाही तर गाडी मोडते ना? मग आपल्या दोघांची गाडी चाळीस वर्षं मोडली नाही, ती कुणी सोसलं म्हणून?"

मिस्त्रींनी कपात तोंड लपवलं. सुभेदारांच्या मिशा हलल्या.

जत्रेच्या दिवशी जीप दोघांना घेऊन पायथ्याशी थांबली. सुभेदार सवयीनं झपझप वर निघाले, मध्येच थबकले आणि खाली उतरून आले.

हात पुढे करून म्हणाले, "चल, तुझ्या चालीनं. माझेही गिअर बदलायला झालेत."