अकरा स्पीकरांची खोली

“...मग एक्क्याऐंशी वर्षांच्या कानाला नेमकं काय ऐकू येत नाही, तेवढंच सांगा मामा. तेवढंच मी वाढवून देतो.”

हसनमामा मुजावरांनी मान वर केली नाही. उघडून ठेवलेल्या जुन्या रेडिओत ते फुंकर मारत होते आणि धूळ उडत होती अरविंद ढाण्याच्या इस्त्रीच्या शर्टावर.

“कुणाच्या कानाला?”

“तात्यांच्या. आमच्या वडलांच्या.”

“त्याला? काल रस्त्यापलीकडनं मला शिवी हासडली त्यानं. मी तोंडातल्या तोंडात उत्तर दिलं, तर तेबी ऐकलं.”

अरविंदनं शर्टावरची धूळ झटकली. या दुकानात ऐकून घेण्याची त्याला सवय होती. तारांना डाग द्यायच्या तापल्या कावियाचा पहिला चटका त्यानं मामांच्या हाताखाली याच टेबलावर खाल्ला होता.

मामा मूळचे तंबू टॉकीजचे. जत्रेमागून जत्रा, बैलगाडीतून मशीन आणि भोंगा. तंबू गेले, रेडिओ आले. रेडिओ गेले, टेप आले. टेपही गेले... मामा आपले त्याच खुर्चीत. शिष्य मात्र कुठल्या कुठं पोचला. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत बंगल्या-बंगल्यांत होम थिएटर बसवावं तर ढाण्यांनीच, असं लोक म्हणायचे. लोक म्हणायचे विसरले, तर ढाणे स्वतः म्हणायचे.

“सांगा की मामा. वरचा मजला रिकामा करून खोली केली त्यांच्यासाठी. अकरा स्पीकर. भिंतीएवढा पडदा. पहिल्या दिवशी तात्या अर्धा तास बसले. ‘ब्येस हाय’ म्हणाले, चपला घातल्या आणि गेले समोर माळवदे टेलरकडं, त्याचा डबा टीव्ही बघायला! दोन महिने झाले. रोज चार वाजले की माझ्या नाकावर टिच्चून तिथं.”

“मग जाऊ दे की.”

“कसं जाऊ दे? डॉक्टर म्हणाले, काळीज थकलंय त्यांचं. किती दिवस हातात आहेत, सांगता येत नाही. मला ते एकदा त्या खोलीत खुशीत बसलेले बघायचेत, मामा. बाकी काही नको.”

मामांनी पेचकस खाली ठेवला.

“आवाजाची मापं कशी घेतलीस?”

“रीतसर. तात्यांच्या खुर्चीवर, त्यांचं डोकं येतं तिथं माईक लावला. पंखा बंद, फ्रीज बंद. घरातल्यांना बाहेर काढलं.”

“तात्याला?”

“त्यांनाही. खोलीत माणूस असला की माप बिघडतं.”

मामा हसले. पुढचे दोन दात नसल्यानं ते हसू जरा जास्तच मोकळं दिसलं.

“आमी माणसं बसल्यावर आवाज लावायचो. रिकाम्या तंबूत लावला, की गर्दी झाल्यावर पार बसायचा. माणूस आवाज पितो, लेका... चल, दाव तुझी खोली.”

खोली खरंच देखणी होती, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पायाखाली जाड गालिचा, भिंतींना करडं कापड. दार लावलं की बाहेरचं जग बंद. मधोमध एकच ऐसपैस खुर्ची.

“एकच?”

“सगळे आवाज याच जागी जुळतात, मामा. हातभर इकडंतिकडं सरकलं की मजा गेली.”

मामा खुर्चीत बसले. अरविंद मागं उभा राहिला आणि त्यानं तात्यांच्या आवडीचा जुना काळा-पांढरा सिनेमा लावला. एकाच भोंग्यासाठीचा त्याचा आवाज त्यानं अकरा स्पीकरांत वाटून घेतला होता.

पाठीमागून घोडा दौडत आला. मामांनी दचकून वळून बघितलं.

“आयला! घोडं मागनं आलं की रं!”

अरविंदची छाती फुगली.

“ह्या पिक्चरची गंमत सांगतो तुला. जत्रंत ह्याचं तिसरं रीळ...”

“मामा, आता ऐका. पाऊस येतोय. चारी बाजूंनी.”

मामांनी ऐकलं. पाऊस चांगला होता.

“ही बया माझ्या चुलत सासूवानी दिसती. तसंच नाक. तिनं एकदा...”

“श्श. मामा, दोनच मिनिटं.”

दोन मिनिटं गेली.

“अरू, ह्यो सरदार लबाड हाय बघ. त्याच्या चालण्यावरनंच...”

अरविंदनं ओठांवर बोट ठेवलं.

मामा उठले. पडद्यावर तलवारी खणखणत होत्या, डावी डावीकडं, उजवी उजवीकडं. तिकडं न बघता त्यांनी विचारलं, “तात्या बोलत हुता?”

“...सारखे. हा कोण, तो कुणाचा, हा आपल्या पाटलासारखा दिसतो. म्हटलं, तात्या, जरा नीट ऐका की. एवढं केलंय तुमच्यासाठी.”

“मग?”

“मग ऐकलं त्यांनी.”

“कसं?”

मांडीवर दोन्ही हात ठेवून, परक्याच्या घरी पाहुणा बसतो तसे बसलेले तात्या अरविंदच्या डोळ्यांपुढं आले.

“गप्प बसून,” तो म्हणाला.

मामांनी चपला घातल्या. “चल.”

“कुठं?”

मामा जिना उतरायला लागले होते.

चार वाजून गेले होते. माळवद्यांच्या दुकानात शिलाईचं मशीन खडखडत होतं. बाकड्यावर चार म्हातारे, मधे तात्या. समोर फळीवर तो डबा टीव्ही, चित्राला हिरवट झाक. कुठलीशी मालिका चालू होती आणि तात्या हातवारे करत होते.

“आता बघा, ही त्या खिरीत इख कालवणार.”

“इख न्हवं वो, वेलदोडं हायती.”

“वेलदोडं घालताना कुणी दाराकडं बघतंय व्हय? ती म्हनतीय, आज थोरलीचा निकालच लावती!”

म्हातारे खदाखदा हसले. मशीन थांबवून माळवदेही हसले. तात्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं.

अरविंद दारातच थांबला. काहीतरी चुकत होतं, आणि ते काय हे अकरा स्पीकर जुळवणाऱ्या माणसाला चटकन कळेना.

मग कळलं. टीव्हीला आवाजच नव्हता.

बायका तोंडं हलवत होत्या, भांडत होत्या, रडत होत्या आणि त्यांचं सगळं बोलणं तात्या बोलत होते.

...एकाएकी त्याला तंबूतली वाळू आठवली. तो सहा वर्षांचा, तात्यांच्या मांडीवर. भोंगा असा खरखरायचा की एक शब्द कळेल तर शपथ! आख्खा सिनेमा तात्याच कानात सांगायचे, तंबाखूच्या वासासकट. पडद्यावरचा नायक तात्यांच्याच आवाजात बोलतो, असं पुढं कितीतरी वर्षं त्याला वाटत राहिलं होतं.

त्यानं हातांना कामाला लावलं. टीव्हीच्या मागं गेला आणि मोबाईलचा उजेड पाडून फटींतून आत बघू लागला.

“वर्ष झालं की हो आवाज बंद पडून,” माळवदे म्हणाले. “पार्ट मुंबईहून यायचाय. मामा दर महिन्याला सांगतात, येईल म्हणून.”

अरविंदनं डोकं बाहेर काढलं. मामांच्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, “मामा, पार्ट कसला? स्पीकर ठणठणीत आहे. वायर तेवढी निसटलीय. दोन मिनिटांचं काम आहे, मी करतो.”

मामांनी त्याचं मनगट धरलं.

तेवढ्यात तात्यांचं लक्ष गेलं. क्षणभर त्यांचं हसू थांबलं, हात मांडीवर आले. मग त्यांनी शेजारच्याला कोपरानं ढकललं आणि बाकड्यावर वीतभर जागा केली.

“अरू... बसतोस?”

मामांनी मनगट न सोडता अरविंदला त्या जागेत बसवलं आणि ते त्याच्या कानाशी वाकले.

“निसटली न्हाई, लेका. मी काढलीय.”