पतवाल्याचं मागचं दार

तापीच्या काठी एका गावात कुंभाराचं एकच घर होतं. त्या घरात सुपडू आणि त्याची बायको कौतिक राहत. सुपडू कामाला चोख. चाक फिरू लागलं की तो गाणं म्हणायचा आणि गाणं संपेपर्यंत घागर उतरायची. गळा काही बरा नव्हता. पण घागर बरी असायची, म्हणून लोक गाणं सोसून घेत.

त्या गावाची एक रीत होती. आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, लावायचा तर गोवऱ्या आणि भुसा लागतो. ते एकट्या कुंभाराकडे कुठून येणार? गाव द्यायचं. कुणी टोपलंभर गोवऱ्या आणून टाकी, कुणी पोतंभर भुसा. आवा उघडला की ज्याला त्याला आपली घागर मिळे. लिहून ठेवलेलं काही नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्या मुलखात घरोघरी नवी घागर भरतात आणि पितरांना पुजतात. त्यामुळे आखाजीचा आवा सगळ्यात मोठा. साठ घरं आणि साठ घागरी.

एका वर्षी माघात सुपडूला ताप आला. महिनाभर तो अंथरुणावर होता. उठला तेव्हा अंगात बळ नव्हतं, आणि मनात एक भीती शिरली होती. महिनाभर चाक बंद राहिलं. आता गाव आपल्यावर पहिल्यासारखा विश्वास ठेवील का?

नेमका त्याच आठवड्यात बाजाराला पतवाला आला.

त्याची गाडी निळ्या रंगाची होती. बैलांच्या शिंगांना गोंडे होते. येईल त्याला तो गुळाचं पाणी पाजत होता आणि गोड आवाजात सांगत होता, “गावात तुमची पत किती, ते मी काढून देतो. लोक तोंडावर चांगलंच बोलतात हो! पाठीमागं काय बोलतात, ते माझी माणसं ऐकून येतात. दर आठवड्याला चिठ्ठी घरपोच. पहिल्या चार चिठ्ठ्या फुकट!”

“आणि मग?” सुपडूनं विचारलं.

“मग आठवड्याला एक घागर. नको वाटलं तर बंद करा, बाबा. इथं कुणी कुणाला दावं लावून बांधलंय का?”

सुपडूला ते पटलं. त्यानं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर उमटवला. पापणी लवते तेवढाच वेळ लागला.

पहिली चिठ्ठी आली. पतवाल्याच्या नोकरानं ती सुपडूच्या कानाशी तोंड नेऊन वाचली. “सोळा आण्यांपैकी बारा आणे. आणि हे बघा, कुणाला सांगू नका. सांगितलं की पत आणखी घटते.”

सुपडूला वाटलं, बारा म्हणजे चांगलेच. मग रात्री जेवताना वाटलं, पण ते चार आणे कुणी कापले?

दुसऱ्या चिठ्ठीत अकरा आणे झाले. तिसरीत दहा. सुपडू आता चाकावर बसला की रस्त्याकडे बघायचा. झिपरू सुतार मान खाली घालून गेला, तर याला वाटे, यानंच कापला असणार एक आणा. खरं तर झिपरूच्या पायात काटा होता. पण संशयाला काटा दिसत नाही. चाकावरचं लक्ष उडालं. घागरीची मान वाकडी होऊ लागली. गाणं तर बंदच झालं.

चौथी चिठ्ठी आली. नऊ आणे. सुपडू नोकराला म्हणाला, “बस झालं. मला नको आता.”

“मी फक्त आणून देतो, बाबा. बंद करणं माझ्याकडे नसतं.”

पुढच्या आठवड्यात नोकर आला. त्यानं चिठ्ठी वाचली आणि ओट्यावरची सगळ्यात देखणी घागर उचलून नेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक नेली.

सुपडू बाजारात निळ्या गाडीपाशी गेला. तिथला माणूस म्हणाला, “इथं सुरू होतं. बंद शहरातल्या कचेरीत होतं.”

शहर पाच कोसांवर होतं. सुपडू पहाटे निघाला. कचेरीचं दार हत्ती जाईल एवढं मोठं होतं. दारात तोरण होतं, सनई वाजत होती, गुळाच्या पाण्याचे हंडे भरलेले होते. पण बंद करायला आलोय म्हटल्यावर दरवान म्हणाला, “मग मागच्या दारानं.”

मागचं दार शोधायला त्याला अर्धा दिवस लागला. ते गटाराच्या पलीकडे होतं, पुढं बाभळीच्या काट्या पसरलेल्या होत्या, आणि उंची एवढी की शेरडानंसुद्धा वाकून जावं. दाराला कुलूप होतं. शेजारी बसलेला चांभार म्हणाला, “हे बुधवारी उघडतं. तेही दुपारच्या आत. आज शुक्रवार आहे, दादा.”

सुपडू परत आला. बुधवारी पुन्हा गेला. काट्या बाजूला सारून, वाकून आत शिरला. आत एक कारकून बसला होता. त्याचा आवाज गुळाच्या पाण्याहून गोड.

“बंद करायचं? अरेरे! आमचं काही चुकलं का?”

“नाही.”

“घरात कुणी काही बोललं?”

“नाही हो.”

“मग दोन चिठ्ठ्या आणखी फुकट घ्या.”

“नको.”

“तीन घ्या! अहो बाबा, आपली पत कळल्याशिवाय माणसाला झोप कशी लागेल?”

“कळल्यापासूनच लागत नाही,” सुपडू म्हणाला.

कारकुनानं सुस्कारा सोडला आणि जुना कागद काढला. “बरं, करा अंगठा. ज्या अंगठ्यानं सुरू झालं, त्याच अंगठ्यानं बंद होतं. रेघेला रेघ जुळली पाहिजे.”

सुपडूनं अंगठा उमटवला. कागदावर नुसता काळा ठिपका उठला. रेघ एकही नाही.

कुंभाराचा अंगठा रोज ओल्या मातीवर घासतो. त्याच्या रेघा झिजून जातात. सुपडूनं पहिला अंगठा दिला तेव्हा तो तापातून उठला होता. महिनाभर हाताला माती नव्हती, म्हणून तेव्हा रेघा होत्या. आता चाक सुरू होऊन दीड महिना झाला होता.

“हा अंगठा तुमचा नाही,” कारकून म्हणाला.

“अहो, हा माझ्या हाताला आहे ना!”

“हाताला असेल. कागदावर नाही. रेघा उगवू द्या, मग या.”

सुपडू भोळा माणूस. त्यानं ते खरं मानलं. घरी येऊन त्यानं अंगठ्याला तूप लावलं, वर चिंधी गुंडाळली आणि रेघा उगवण्याची वाट बघत ओट्यावर बसून राहिला. चाक थांबलं. तुडवलेली माती सुकून भेगाळली. आखाजी अठरा दिवसांवर आली होती.

कौतिक म्हणाली, “लोक भाकरीला तूप लावतात. तुम्ही अंगठ्याला लावा. आणि आखाजीला गावानं पाणी काय ओंजळीत भरायचं?”

सुपडूला हेच खात होतं. चाकावर बसावं तर रेघा उगवत नाहीत. न बसावं तर साठ घरांत घागर नाही. आणि कुणाला सांगावं तर उरलेली पतही जाणार.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी साळूबाई तेलीण डोक्यावर गोवऱ्यांचं टोपलं घेऊन आली. तिनं रिकामा ओटा पाहिला, थांबलेलं चाक पाहिलं, आणि तरीही टोपलं खाली रिकामं केलं.

“काय रे सुपडू, हाताला काय झालं? विंचू चावला का?”

नुसतं हो म्हटलं असतं, तर सुपडू सुटला असता. जिभेवर हो आलंही होतं. पण त्याची नजर त्या गोवऱ्यांवर गेली. चाक थांबलेलं दिसत असूनही ही बाई काही न विचारता गोवऱ्या टाकते आहे. हिला खोटं कसं सांगायचं?

“मावशी, विंचू नाही,” तो म्हणाला. “माझी पत गेली. आठच आणे उरलेत.” आणि त्यानं पहिल्या अंगठ्यापासून सगळं सांगितलं.

साळूबाई ऐकता ऐकता खाली बसली. तिचे खांदे हलू लागले. सुपडूला वाटलं, रडते आहे बिचारी. पण ती हसत होती.

“मेल्या, तुझे आठ तरी आहेत! माझे सातच राहिलेत! आणि दर आठवड्याला मापटंभर तेल घेऊन जातो ते वेगळंच!”

ती तशीच उठली आणि रस्त्यात जाऊन ओरडली, “अरे झिपरू, तुझे किती?”

झिपरू सुतार दारात रंधा मारत होता. तो कानापर्यंत लाल झाला. “कसले किती?”

“आणे रे, आणे!”

झिपरूनं इकडंतिकडं पाहिलं. “सहा,” तो पुटपुटला.

दुपारपर्यंत सगळं गाव लिंबाखाली जमलं. ज्यानं त्यानं आपली चिठ्ठी काढली. कुणाचे सात, कुणाचे पाच. सोळा आण्यांचा माणूस गावात एकही निघाला नाही.

“फारच वाईट गाव आहे हे,” झिपरू म्हणाला. “इथं राहण्यात अर्थ नाही.”

आणि सगळे एवढे हसले की लिंबावरचे कावळे उडाले.

हसू ओसरल्यावर सुपडूनं धीर करून विचारलं, “झिपरू, खरं सांग. माझ्या पाठीमागं तू काय बोललास?”

“मी म्हणालो, त्याचं गाणं ऐकवत नाही. पण ते तर मी तुझ्या तोंडावरही म्हणतो!”

तेव्हा सुपडूच्या छातीवरचा धोंडा उतरला.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. गावानं बारा गाड्या जुंपल्या. बाया आखाजीची गाणी म्हणत होत्या, कुणी ढोल घेतला होता. लग्नाचं वऱ्हाड निघालं की काय, असं वाटेतल्या गावांना वाटलं.

कचेरीशी पोचल्यावर सगळे मागच्या दाराकडे वळू लागले. सुपडू म्हणाला, “थांबा. मी दोन्ही दारं पाहिली आहेत. मागच्या दारात आपण साठ दिवस उभे राहिलो तरी त्यांना काही वाटायचं नाही. आपण पुढच्या दारात उभे राहू.”

पुढच्या दारात परगावची माणसं अंगठा द्यायला येत होती. सुपडू कुणालाही अडवत नव्हता. हात जोडून एवढंच म्हणत होता, “खुशाल आत जा, दादा. पण आधी जरा मागचं दार बघून या.”

माणसं जायची. गटार बघायची, काट्या बघायची, शेरडाएवढं दार बघायची. आणि तिकडूनच आपल्या गावाला निघून जायची.

एक जण मात्र परत आला. साळूबाईनं विचारलं, “काय रे बाबा, अंगठा देतोस?”

“छे! गुळाचं पाणी प्यायचं राहिलं होतं.”

दुपार झाली. सनई वाजून वाजून दमली. एकही नवा अंगठा उमटला नाही. तेव्हा खुद्द पतवाला घाम पुसत बाहेर आला. त्याच्यामागं कागदांचा गठ्ठा घेऊन कारकून.

“काय हवंय तुम्हाला?”

“बंद करायचंय,” सुपडू म्हणाला आणि त्यानं आपला गुळगुळीत अंगठा पुढं केला.

कारकून वाकून बघू लागला. “मालक, याच्या रेघा…”

“रेघा कसल्या बघतोस!” पतवाला ओरडला. “फाड तो कागद! सगळ्यांचे फाड!”

सगळे कागद फाटले. पापणी लवते तेवढाच वेळ लागला.

परत येताना वाटेत अंधार पडला, पण गाड्यांमधलं गाणं काही थांबलं नाही. आखाजीला आता अकरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निम्मं गाव सुपडूच्या अंगणात हजर. झिपरू माती तुडवायला उतरला आणि दोनदा घसरून पडला. पोरींनी पाणी आणलं. म्हाताऱ्या उन्हाकडे लक्ष ठेवून घागरी सावलीला फिरवत राहिल्या. सुपडू चाकावरून उठलाच नाही. जेवायचा घासही कौतिकनं त्याच्या तोंडात घातला, आणि ते बघून बायांनी तिला दिवसभर चिडवलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी आवा उघडला. लालबुंद घागरी निघाल्या. लोक बोटानं टिचकी मारून नाद ऐकत होते आणि खांद्यावर टाकून नेत होते.

संध्याकाळी कौतिकनं ओटा झाडला आणि ती थबकली. “अहो, साठ घागरी दिल्या. एकसष्टावी फुटली. आपल्या घरात राहिलीच नाही की!”

सुपडू मांडीवर थाप मारून हसायला लागला. कौतिकलाही हसू आवरेना. सकाळी तिनं जुनीच घागर घासून भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आंबा ठेवला. सुपडूनं पितरांपुढं हात जोडले आणि म्हणाला, “यंदा जुनीच गोड मानून घ्या. नवी सगळी गावाला गेली.”

तात्पर्य: फुकटात उघडलेल्या दारातून आत जाण्याआधी बाहेर पडायचं दार बघून यावं. आणि आपली पत जाणून घ्यायची असेल, तर ती परक्याच्या चिठ्ठीत शोधू नये, शेजाऱ्यालाच जाऊन विचारावी.