नदीपलीकडची पोथी

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा एका नदीच्या अलीकडच्या तीरावर पोथ्यांचं भांडार होतं आणि पलीकडच्या तीरावर पोथ्या सांभाळायला शिकवणारी पाठशाळा होती. मधे एक नाव होती, पण तिच्यातून ना भांडार सांभाळणारी भांडारीण पलीकडे जाई, ना पाठशाळेचे आचार्य अलीकडे येत.

भांडारीण म्हणे, "शिकाऊ हात माझ्या पोथ्यांना लागायला नकोत."

आचार्य म्हणत, "आमचं काही तिच्यावाचून अडत नाही." मग ते नव्या, कोऱ्या ताडपत्रांच्या पोथ्या बनवत आणि त्यांवरच मुलांना शिकवत. दोघंही शहाणी, आणि दोघंही हट्टाला पेटलेली!

पण संध्याकाळी वाऱ्यावर मुलांचं पाठांतर ऐकू आलं की भांडारिणीच्या हातातला झाडू थांबायचा. 'यातलं एक जरी लेकरू इकडे आलं असतं!' तिला मूलबाळ नव्हतं, डोळे अधू होत चालले होते. आपल्यामागे ही दारं कोण उघडणार, या विचारानं तिचा जीव तुटायचा.

आणि आचार्य? तरुणपणी त्यांनी एकदा भांडारातली जुनी पोथी उघडली होती. कीड लागू नये म्हणून तिच्यात ठेवलेल्या वेखंडाचा वास त्यांच्या मनातून कधी गेला नाही. मुलांना ते त्या वासाबद्दल पुन्हा पुन्हा सांगायचे.

एका वर्षी पावसाळा सरला, पण पोथ्यांना ऊन दाखवणं भांडारिणीला एकटीला झेपलं नाही. पोथीवरून बोटं फिरवली, तर कसरीनं पानं खाऊन केलेला भुगा हाताला लागला. ती तशीच उठली, सर्वांत जुनी पोथी पदराखाली घेतली आणि नावेत बसली.

पाठशाळेत तिनं पोथी समोर ठेवली. "बांधून दाखवा कुणीतरी."

सर्वांत हुशार मुलगी पुढे आली. शिकवलं होतं तशी तिनं दोरी ओढली. कोरी पानं वाकली असती. हे जुनं पान मात्र तडकलं. मुलीला रडू फुटलं.

आचार्यांनी मान खाली घातली. "चूक तिची नाही, बाई. मी तिला कोऱ्या पानांवर शिकवलं."

"आणि खरी पानं मी दडवून ठेवली," भांडारीण म्हणाली.

डोळे पुसत मुलीनं विचारलं, "आजी, ही पोथी भांडारात कुठं असते?"

"ते माझ्या डोक्यात आहे, बाळ."

"सगळ्या पोथ्यांचं? मग तुमच्यानंतर त्या आम्हाला कशा सापडणार?"

भांडारिणीनं मुलीचा हात धरला आणि तिला नावेकडे नेलं. मागोमाग आचार्यही निघाले.

त्या दिवसापासून मुलं सकाळी पाठशाळेत शिकू लागली आणि दुपारी भांडारात. भांडारिणीनं त्यांना जुन्या पोथीची दोरी हलक्या हातानं ओढायला शिकवलं. आचार्यांनी शिकवलेल्या रीतीनं मुलांनी पोथ्या विषयवार लावल्या. आचार्य एक जुनी पोथी उघडून वास घेत बसायचे आणि मुलांसमोरच डोळे टिपायचे.

पुढे भांडारिणीची नजर पूर्ण गेली. आपल्या पोथ्या पुन्हा एकदा डोळे भरून पाहायची तिची इच्छा अपुरीच राहिली. ती उंबऱ्याशी बसून पानांची सळसळ ऐकायची, आणि ती मुलगी तिला रोज एक पोथी वाचून दाखवायची.

ते तडकलेलं पान काही सांधलं नाही. भांडारात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाच्या हाती आधी तेच देतात.

शिकवणारे आणि सांभाळणारे वेळेवर एकमेकांकडे गेले नाहीत, तर दोघांचंही ज्ञान त्यांच्याबरोबरच संपतं.