चॉकलेटच्या थेंबांच्या काजूकुकीज

लाल मातीच्या एका डोंगराच्या कुशीत, जिथून समुद्र दिसत नाही पण त्याची गाज ऐकू येते, तिथं कौलारू छपराचं एक इवलंसं घर होतं. त्या घरात सुरंगी, तिची धाकटी बहीण कुंदा आणि त्यांची आई अशा तिघीजणी राहायच्या. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. बियांचा चीक लागून तिची बोटं काळी पडली होती. तरी संध्याकाळी घरी आली की त्याच बोटांनी ती दोघींच्या वेण्या हळुवार घालायची.

घरात फारसं काही नव्हतं, पण सुरंगीला त्याचं एवढं वाटत नसे. तिला वाटायचं ते कुंदाचं. कुंदाच्या पोटाला धान्य सोसत नव्हतं. भाताची चार शितं पोटात गेली तरी ती कळवळायची. वैद्यबुवांनी सांगितलं होतं, "हिला तांदूळ नको, गहू नको, नाचणीसुद्धा नको." म्हणून कुंदा रताळी खायची, केळी खायची, ओलं खोबरं चघळायची आणि कधी कुरकुर करायची नाही.

फक्त एका ठिकाणी तिचे पाय अडायचे. बाजाराच्या वाटेवर इनासबाबांची बेकरी होती. दुपारी तिथल्या भट्टीतून कुकीज बाहेर यायच्या. गोल गोल, सोनेरी आणि अंगभर चॉकलेटचे तपकिरी, चमचमते ठिपके. कुंदा काचेला नाक लावून बघत राहायची. इनासबाब भला माणूस. एकदा त्यांनी सुरंगीला एक कुकी देऊ केली. पण कुंदाच्या डोळ्यांदेखत ती घशाखाली कशी उतरणार? सुरंगी नको म्हणाली.

चैत्र लागला. कुंदाचा वाढदिवस जवळ आला. सुरंगीनं विचारलं, "कुंदे, यंदा काय हवं तुला?"

कुंदा फ्रॉकच्या झालरीशी चाळा करू लागली. मग हळूच म्हणाली, "मला एकदाच कुकी खायचीय, ताई. पोट न दुखता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरंगी काजूच्या बागेत बोंडं गोळा करायला गेली. झाडांखाली बोंडांचा नुसता सडा पडला होता. पिवळी, केशरी, लालचुटुक. पानांतून उन्हाचे कवडसे खाली उतरत होते आणि हवेला गोड, आंबूस वास येत होता. इतक्यात तिला एक अगदी बारीक आवाज ऐकू आला. आधी वाटलं, भुंगा असेल. पण आवाज म्हणत होता, "कोणी आहे का? मला उठता येत नाहीये."

सुरंगी वाकली. एका फुटलेल्या बोंडाच्या रसात बोटाएवढी परी अडकून पडली होती. तिचा झगा कोवळ्या पालवीच्या रंगाचा होता आणि पिटुकले पंख चिकट रसानं एकमेकांना चिकटले होते. लाल मुंग्यांची रांग तिच्याच दिशेनं येत होती. सुरंगीनं तिला अलगद तळहातावर घेतलं. जवळ तांब्यात दिवसभरासाठी आणलेलं पिण्याचं पाणी होतं. ते तिनं थेंब थेंब करत सगळं पंखांवर ओतलं आणि फुंकर घालून ते वाळवले. पंख उलगडले तसे त्यांतून मोरपंखी, गुलाबी, सोनेरी रंग झळकू लागले.

"आता तू दिवसभर काय पिशील?" परीनं विचारलं.

"बोंडं आहेत की," सुरंगी म्हणाली.

परी हसली. घुंगरू किणकिणावं तसं तिचं हसू होतं. "तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. पण माझे नियम आहेत. मी तयार वस्तू देत नाही. मी देईन त्यावर तुला स्वतःच्या हातांनी काम करावं लागेल. आणि जे बनेल त्यातला पहिला घास, जो कोणी दारात मागायला येईल त्याचा. त्याला नाही म्हणालीस तर माझी जादू तिथंच विरून जाईल."

"माझ्या कुंदाला सगळं खाता येऊ दे," सुरंगी पटकन म्हणाली.

परीचा चेहरा मऊ झाला. "ते माझ्या हातात असतं तर मी तुझ्या मागण्याचीही वाट पाहिली नसती गं. मी बागेतली परी. जे उगवतं, पिकतं, ठिबकतं, तेवढंच माझं."

सुरंगीनं विचार केला. आई कारखान्यातून काजूचे तुकडे आणायची. गूळ होता, खोबरेल होतं, कोंबडीनं अंडी घातली होती. घरात नव्हतं ते एकच. "मग मला चॉकलेट दे," ती म्हणाली.

परीनं एका पानाला पंख टेकवला. पानावर तपकिरी दव जमलं, थेंब थेंब गोठलं आणि सुरंगीच्या ओंजळीत चॉकलेटचे इवले इवले मणी टपटप पडले.

सुरंगी धावतच घरी आली. तिनं पाट्यावर काजू जोर लावून वाटले, त्यात गूळ आणि निम्मं चॉकलेट घातलं, चुलीवर पातेलं चढवून कुकीज भाजायला ठेवल्या. पण झाकण काढून बघते तर काय, सगळ्याचा तेलकट लगदा झालेला आणि बूड करपलेलं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. उद्याच तर कुंदाचा वाढदिवस होता.

परी खिडकीच्या गजावर येऊन बसली. "या एका वेळेला कुकीज छान होऊ देत, असं मागतेस का?"

सुरंगीनं डोळे पुसले. "आणि पुढच्या वाढदिवसाला? त्यापेक्षा तू मला शिकव."

परीनं तिच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि ती पातेल्याच्या काठावर उतरली. "हे गव्हाचं पीठ नव्हे. काजूला धसमुसळेपणा चालत नाही. पाट्यावर रगडलास म्हणून त्याला तेल सुटलं. खलबत्त्यात थोडे थोडे घेऊन अलगद कुट आणि चाळून घे. याच्यात चिकटपणा नाही, म्हणून अंडं फेटून घाल, तेच त्याला धरून ठेवील. चिमूटभर मीठ, चिमूटभर सोडा. मग गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून गार जागी निजव."

दुसऱ्या दिवशी आई कामावर गेल्यावर सुरंगीनं सगळं तसंच केलं. तळाशी वाळू घातलेलं जाड पातेलं, आत ताटली, खाली मंद आच आणि झाकणावर थोडे निखारे. कुंदानं चिमुकल्या बोटांनी एकेका गोळ्यावर चॉकलेटचे मणी टोचले. थोड्याच वेळात घरभर असा खरपूस वास दरवळला की कोंबडीसुद्धा उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

"लगेच हात लावायचा नाही," सुरंगी म्हणाली. "गरम असताना त्या तान्ह्या बाळासारख्या मऊ असतात. निवल्या की घट्ट होतील."

कुंदा रिकामी वाटी मांडीवर घेऊन बसली. कुकीज निवल्या आणि तेवढ्यात दारात सावली पडली.

टोपल्या विकणारी एक बाई उभी होती. तिच्या खांद्यावर काडीसारखी बारीक मुलगी मान टाकून पडली होती. बाई म्हणाली, "बाय, पोरीला काही खायला देशील? भात दिला की उलटतोय, भाकरी दिली की पोट धरून रडते. काय घालू हिच्या पोटात, कळत नाही."

सुरंगीनं कुंदाकडे पाहिलं. नियम तिला आठवत होता, पण कुंदा तर कधीपासून वाट बघत होती. तिला कसं सांगायचं?

सांगावं लागलंच नाही. कुंदा उठली, ताटलीतली सगळ्यांत मोठी कुकी तिनं उचलली आणि त्या मुलीच्या हातात दिली. "खा. हिच्यात धान्य नाहीये. ताईनं केलीय."

मुलीनं कुकी कुरतडली. मग दुसरी घेतली, मग तिसरी. तिच्या गालांवर हळूहळू रंग चढला. तिची आई दारातच बसून डोळ्यांना पदर लावत राहिली. सुरंगीनं तिला वैद्यबुवांचं घर दाखवलं, कुंदा काय काय खाते ते सगळं सांगितलं आणि रताळी बांधून दिली. माय-लेकी गेल्या तेव्हा ताटलीत एकच कुकी उरली होती.

संध्याकाळी आई आल्यावर कुंदानं त्या कुकीचे तीन तुकडे केले. आपला तुकडा तिनं जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. दोघीजणी तिच्याकडे बघत होत्या.

"चॉकलेट विरघळतंय," ती कुजबुजली. थोड्या वेळानं तिनं पोटावर हात ठेवला. "आणि दुखत नाहीये."

आईनं तिला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

परी तुळशीपाशी उभी होती. "सुरंगी, एक इच्छा उरली आहे. नवं घर माग, रेशमी परकर माग. घरामागे लाकडं आणि रेशमाचे किडे ठेवीन, बांधायचं-विणायचं तेवढं तू बघ."

सुरंगी म्हणाली, "आजच्या मुलीसारखी आणखी किती असतील. त्यांना पुरेल एवढं चॉकलेट मिळू दे."

परीनं अंगणाच्या कडेच्या काजूच्या झाडाला स्पर्श केला. त्या दिवसापासून रोज सकाळी त्याच्या पानांवर तपकिरी दव जमू लागलं.

बातमी गावोगाव पसरली. इनासबाब स्वतः चालत आले, कुकीची चव घेतली आणि म्हणाले, "माझ्या बेकरीत पिठाची धूळ उडते, तिथं या भाजायच्या नाहीत. मी तुझ्या अंगणातच भट्टी बांधून देतो." त्यांनी दिलीही बांधून. लांबलांबून आयाबाया मुलांना घेऊन येऊ लागल्या आणि जमेल तसे पैसे ठेवून कुकीज नेऊ लागल्या. आईनं कारखान्यातलं काम सोडलं आणि ती लेकींच्या शेजारी बसून काजू कुटू लागली. घरात कशाची म्हणून उणीव राहिली नाही.

एका सकाळी, अंगण मुलांनी भरलेलं असताना, परी भट्टीच्या कट्ट्यावर उतरली आणि जरा लाजतच म्हणाली, "सुरंगी, मला एक मिळेल का? सगळे माझ्याकडे मागतात. मला कोणी काही खायला दिलं नाही अजून."

सुरंगीनं चॉकलेटचा थेंब असलेला एक छोटासा तुकडा तिच्यापुढे धरला. परीनं दोन्ही हातांनी तो पकडून खाल्ला. खाता खाता तिचे पंख उजळत गेले, आधी केशरी, मग मधासारखे, मग पांढरेशुभ्र. ती वर उचलली गेली, काजूच्या शेंड्यापर्यंत गेली आणि तिथं उन्हाहून लख्ख असा एक उजेड क्षणभर फुलला.

उजेड ओसरला तेव्हा शेंड्यावर कोणी नव्हतं, पण पानांवर तपकिरी दव तसंच चमकत होतं. मुलं माना वर करून बघत होती आणि त्यांच्या ओठांवर चॉकलेट लागलं होतं. मग कुंदानं पदराएवढं फडकं कमरेला खोचलं, पुढचा गोळा हातात घेतला आणि म्हणाली, "चला, मणी कोण टोचणार?"