ऐनाचं टेबल आणि अनशीची हाक

कोणाची ती पिशवी? उचला बघू आधी! त्या टेबलावर आम्ही चहाचा कपसुद्धा ठेवत नाही, आणि तुम्ही आपला संसारच मांडलात.

हां, आता बघा. आमच्या शाळेच्या ओसरीवरचं हे टेबल ऐनाच्या लाकडाचं आहे. सात फूट लांब, आणि लोखंडाचा एक खिळा सापडला तर मला सांगा. वरून हात फिरवा, कसं गुळगुळीत लागतं. आता खालून फिरवा. जपून हो, कुसळ जाईल बोटात. खालून याला आजवर कोणी रंधा मारलेला नाही की तेलाचं बोट लावलेलं नाही. शहाणे येतात नि म्हणतात, सुतार आळशी असणार. हे करणारा तुळाजी मेस्त्री माझ्या सासरच्या घराण्यातला. आळशी मुळीच नव्हता. घाबरट होता, ते मात्र खरं.

गावात पहिल्यांदा शाळा यायची होती. वरचा साहेब म्हणाला म्हणे, मास्तराला एक टेबल करा, मग मास्तर पाठवतो. गावाने ऐनाचं झाड दिलं. लाकडाची गिरणी कुठली तेव्हा! ओंडका घरच्या परड्यातच चिरायचा. पुरुषभर खोल खड्डा खणायचा, त्यावर आडवे वासे टाकायचे, आणि वाशांवर ओंडका पाचरी ठोकून बसवायचा. एक जण ओंडक्यावर उभा, एक जण खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या हातात मिळून एकच लांब करवत. वरचा करवत उचलतो आणि रेघ सांभाळतो. लाकूड कापतं ते खालच्याच्या ओढीने. मधे एवढा ओंडका, त्यात भुशाचा पाऊस, त्यामुळे वरच्याला खालचा दिसत नाही. हे नीट ध्यानात ठेवा.

खाली नेहमी तुळाजीचा भाऊ असायचा. तो त्या साली हिवतापाने गेला, म्हणून तुळाजीची बायको अनशी खड्ड्यात उतरली. लोकांनी नावं ठेवली. ती म्हणाली, "नावं ठेवणारे खाली उतरणार असतील तर मी वर येते." कोणी उतरलं नाही. तिनेच महिनाभर करवत ओढली.

आमच्याकडे भर बाराला करवत थांबवायची असा दंडक. त्या वेळी 'ती' फिरते, असं सांगतात. नाव नाही तिला. आपल्याच माणसाचं रूप घेऊन समोर येते, म्हणे. पण मिरग चार दिवसांवर आला होता. पाऊस लागला की खड्डा पाण्याने भरणार, आणि एकच फळी चिरायची राहिली होती. अनशी म्हणाली, "एवढी ओढून टाकू, मग जेवू." तुळाजीला थांबायचं होतं, पण बायकोसमोर भीती वाटते म्हणायची लाज. दर दोन ओढींनी तो खाली विचारायचा, "आहेस ना गं?" खालून यायचं, "आहे हो, जाते कुठे?"

ऊन डोक्यावर आलं. कावळासुद्धा ओरडेना. तुळाजीने घाम पुसायला मान वर केली, तर समोरून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या वाटेने अनशी येत होती. डोक्यावर कळशी. अंगावर तेच हिरवं ठिगळ लावलेलं लुगडं.

आणि हातातली करवत खालून ओढली जातच होती.

हात थांबेनात, पण रेघेवरची नजर सुटली. वाटेवरची बाई फणसाखाली येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो." खालूनही आलं, "अहो." दोन्ही आवाज एकच. कोण खरी नि कोण खोटी, सांगायचं कसं?

खाली खड्ड्यात अनशीला यातलं काय ठाऊक! तिला एवढंच दिसलं, की करवत वेडीवाकडी यायला लागली आणि हादऱ्याने ओंडक्याची पाचर सुटली. "अहो, धरा, धरा!" ती ओरडली. वर हा मेला दगडासारखा उभा. ओंडका सरकायला लागला. मग लग्नाला अकरा वर्षं होऊनही जे तिने कधी केलं नव्हतं, ते केलं. तो भानावर यावा म्हणून जिवाच्या आकांताने ओरडली, "तुळाजी!"

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तेव्हाच्या बायका मानायच्या. माझी अनशी मरेल पण नाव घेणार नाही, हे तुळाजीला पक्कं ठाऊक. झालं! खाली आहे ती अनशी नव्हेच, असं त्याने ठरवलं. करवत सोडली, उडी टाकली आणि फणसाकडे धावला. "मागे बघू नकोस, पळ!" म्हणत त्या बाईचा हात धरायला गेला, तर हाताला काही लागलंच नाही. बाई नाही, कळशी नाही, खाली नुसता पाचोळा.

मागे ओंडका खड्ड्यात कोसळल्याचा आवाज झाला. मग खालून पुन्हा हाक आली नाही. ओंडका उचलायला आठ गडी लागले.

लोक म्हणाले, ते लाकूड जाळून टाक. तो म्हणाला, "तिने चिरलंय." मधे पट्ट्या घालून फळ्या तीन वर्षं सावलीत वाळवल्या. लाकडी खुंट्या मारून सांधे जोडले, वरून रंधा मारला, उंडीच्या बियांचं तेल पाजत राहिला. खालच्या अंगाला हात लावला नाही. तिथे करवतीच्या रेघा आहेत ना, त्या अनशीच्या ओढीच्या.

मास्तर आला, शाळा भरली. तुळाजी पुढे म्हातारा होईपर्यंत गावातल्या प्रत्येक लग्नात उभा राहायचा आणि सांगायचा, "मला भुताने नाही फसवलं. माझ्या बायकोने मला हाक मारली आणि मी पळालो." लोकांना ते ऐकवत नसे, बायका डोळे पुसायच्या, पण त्याला खाली बस म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

आजही आमच्या गावात लग्न लागलं की नवरी आधी इथे येते. नवरा त्या पटांगणाच्या टोकाला पाठमोरा उभा. नवरी मोठ्याने त्याचं नाव घेते. उखाणा नाही, 'अहो' नाही, नुसतं नाव. हाक आली की त्याने वळून धावत यायचं. माझ्या लग्नात मी कसंबसं "रामजी!" म्हटलं. तो असा धावत आला, की त्याची एक वहाण तिथेच राहिली.

परवा एका पाहुणीने विचारलं, नवरा चालत आला तर लग्न मोडता का? म्हटलं, माहीत नाही बाई. चालत अजून कोणी आलेला नाही.